भूत, भय आणि हसू

माझे आजोबा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत रात्रपाळीला असत. गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले, पण रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत सांगितल्या गेलेल्या गोष्टी आमच्या घरात अजून चालू आहेत. त्यांतली एक अशी. एका गड्याने पैज मारली की, अमावास्येच्या मध्यरात्री आपण एकटे मसणवट्यात जाऊन जमिनीत मेख ठोकून येऊ. पैज भज्यांची. गडी गेला, अंधारात उकिडवा बसला, आणि घाईघाईने मेख ठोकली ती नेमकी स्वतःच्या धोतराच्या सोग्यावर. उठायला जातो तो मागून कोणी तरी धोतर घट्ट धरलेले! आजोबांच्या गोष्टीत हा पैलवान धोतर तिथेच सोडून लंगोटीवर धावत गिरणीच्या फाटकाशी येतो आणि फाटकावरचा पहारेकरी त्यालाच भूत समजून पळत सुटतो.

ही गोष्ट आपल्या सोलापूरचीच, असे मला कैक वर्षे वाटत होते. पुढे समजले की लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तिला चक्क क्रमांक आहे : १६७६ ब. युरोपात धोतराच्या जागी झगा किंवा अंगरखा येतो, मेखेच्या जागी काटा किंवा खंजीर. बाकी सारे तेच. फरक एवढाच की, तिकडच्या अनेक रूपांत तो माणूस भीतीने जागच्या जागी मरतो आणि सकाळी लोक येऊन पाहतात तेव्हा खरा प्रकार उघडकीस येतो.

या फरकाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. घटना एकच, पण एका रूपात आपण शहारतो आणि दुसऱ्यात पोट धरून हसतो. केवळ माणूस मेला की वाचला, एवढ्यावर हे अवलंबून नाही. भयकथेत खुलासा शेवटी येतो, म्हणजे नायकाबरोबर आपणही अंधारात असतो. आजोबा मात्र मेख सोग्यावर बसली हे आधीच सांगून टाकत. आपल्याला ठाऊक आणि गड्याला ठाऊक नाही, या दोहोंमधल्या जागेत हसू उपजते. पण गड्याची भीती मात्र सोळा आणे खरी असावी लागते. तो भ्यायला नाही तर गोष्टच संपली.

आपल्याकडच्या पुष्कळ नवशिक्या विनोदी भूतकथा फसतात त्या इथेच. तीन पाने पांढरी आकृती, घुंगरांचा आवाज, घुबडाचा घुत्कार, आणि शेवटच्या ओळीत कळते की ती शेजाऱ्याची शेळी होती! (आपल्या वार्षिकांकांतूनही अशा शेळ्या अधूनमधून चरून गेल्या असतील.) शेळी निघाल्यावर वाचक हसत नाही, त्याला फसवल्यासारखे वाटते. कारण भीती त्याची स्वतःची होती आणि लेखकाने ती फुकट घालवली.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राला हा पेच ठाऊक होता. भरताने हास्य आणि भयानक हे दोन्ही रस मानले, पण पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांची वैरे सांगितली, तेव्हा हास्याचे विरोधी म्हणून दोन रस नोंदवले : भयानक आणि करुण. शास्त्राप्रमाणे पाहिले तर विनोदी भूतकथा ही दुहेरी आगळीक आहे. भय तर तिच्यात असतेच. पण करुणही असतो. भूत म्हणजे शेवटी कोण? अकाली गेलेला, इच्छा राहिलेला माणूस. संस्कृतात ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेले; भूतकाळातला ‘भूत’ तोच. या दोन वैऱ्यांपैकी पहिल्याशी आपल्या कथेने कसे जमवले ते आधी पाहू.

आपले भूत बेबंद नाही. त्याला नियम आहेत आणि ते ते काटेकोरपणे पाळते. मुंजा पिंपळ सोडत नाही. हडळीची पावले उलटी. चकवा माणसाला रात्रभर एकाच माळावर फिरवतो, पण सहसा त्याहून जास्त काही करत नाही. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याच्या चपला झिजतात तो कितीही सामर्थ्यवान असला, तरी आपल्यातला वाटतो. शेजारच्या कर्नाटकात १९९० च्या दशकात एक भुताटकीची वदंता पसरली होती. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारत एक बाई दारे ठोठावते, म्हणून लोकांनी दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. ती येते, वाचते आणि मुकाट परत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या सोलापुरात भुताला मराठीत भूत, कानडीत देव्व आणि तेलुगूत दय्यम म्हणतात, त्यामुळे इथे पाटी किती भाषांत लावावी लागेल हा प्रश्नच आहे! पण गंमत अशी की, ती पाटी लिहिणारे लोक खरोखर भ्यालेले होते. भीती आणि हसू एकाच दारावर, एकाच खडूने लिहिलेले. सरकारी कचेरीत ‘उद्या या’ ऐकून परतणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या भुताबद्दल थोडी आपुलकी वाटली तर नवल नाही.

मराठीत या जातीच्या कथेचे नाव घ्यायचे तर द. मा. मिरासदारांना वगळता येत नाही. ते आपल्या जिल्ह्यातले. जन्म अकलूजचा, १९२७ चा. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या एका प्रसिद्ध कथेचे नावच ‘भुताचा जन्म’ असे आहे, आणि त्या दोन शब्दांत बराच विचार दडलेला आहे. भूत मरणातून जन्मते असे आपण समजतो. खेड्यातला अनुभव सांगतो की ते सांगण्यातून जन्मते. एकाने काही पाहिले, दुसऱ्याने त्याला उंची दिली, तिसऱ्याने पाय उलटे केले. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी केले, हेही इथे लक्षात घ्यावे. भुताची गोष्ट डोळ्यांपेक्षा कानांची असते. सांगणारा आवाज उतरवतो, थांबतो, आणि त्या थांबण्यातच श्रोता स्वतःचे भूत तयार करतो. १९८२ साली ‘एक डाव भुताचा’ हा चित्रपट आला, त्याचे लेखनही मिरासदारांचेच. त्यात अशोक सराफ भूत झाले होते आणि दिलीप प्रभावळकर मास्तर. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू वेगळ्या वळणाचा. तिथे भीती एका बाहुल्यात कोंबली, म्हणजे आकार हास्याचा आणि हेतू खुनाचा. लहानपणी तो पाहताना आम्ही हसत होतो की रडत होतो, हे घरातल्यांना अजून ठरवता आलेले नाही.

आता दुसरा वैरी, करुण. इथे माझ्या मते आपली कथा बऱ्याचदा चुकते.

ऑस्कर वाइल्डच्या ‘द कॅन्टरव्हिल घोस्ट’ (१८८७) मध्ये एक अमेरिकन कुटुंब इंग्लंडमधला झपाटलेला वाडा विकत घेते. जमिनीवरचा पिढीजात रक्ताचा डाग मुलगा बाजारातल्या डाग-काढूने पुसून टाकतो. साखळ्या खळखळवत आलेल्या भुताला घरमालक साखळीला लावायला तेलाची बाटली देतो. इथवर निखळ विनोद. पण वाइल्ड तिथे थांबत नाही. त्या घरातली मुलगी भुताजवळ बसते, त्याचे ऐकून घेते, आणि शेवटी त्याला झोप मिळते. तीनशे वर्षे न झोपलेला म्हातारा, हे कळल्यावर आधीचे हसू खोटे पडत नाही, पण त्याचा रंग बदलतो.

आपला मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्न न झालेला मेलेला मुलगा. त्याच्या लग्नाच्या हट्टावर विनोद करणे सोपे, आणि २०२४ च्या ‘मुंज्या’ या कोकणात घडणाऱ्या हिंदी चित्रपटाने तो केलाही. हडळ मात्र गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई. दवाखाना कोसावर आणि बैलगाडी वेळेवर न मिळालेली, अशा किती घरांतून ही भुते निघाली असतील! तिच्या उलट्या पावलांवर, मोकळ्या केसांवर आपण सहज विनोद करतो. ती कशाने मेली हे विनोदी कथेत क्वचितच येते. माझे म्हणणे हडळीवर विनोद करूच नये असे नाही. २०१८ च्या ‘स्त्री’ चित्रपटात भूत बाईचेच आहे आणि ‘उद्या ये’ ही युक्तीही तिथे आहे. पण हसू येते ते रात्री घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या पुरुषांचे. तिच्यावर झालेला अन्याय तसाच गंभीर राहतो. मेखेच्या गोष्टीतही आपण मसणवट्यातल्या मृतांना हसत नाही, धोतर सोडून पळणाऱ्या जिवंत गड्याला हसतो. आजोबांना साहित्यशास्त्र ठाऊक नव्हते, पण हे त्यांनी अचूक सांभाळले होते.

आमची आजीही गोष्टी सांगे. मुंजाच्या गोष्टीत तिला रंग चढायचा; पिंपळावरून खडे मारणारा मुंजा ती हातवारे करून दाखवायची आणि आम्ही गादीवर लोळायचो. मग कोणी तरी म्हणायचे, आता हडळीची सांग. ती पदर सारखा करी आणि म्हणे, “तिची कसली गोष्ट गं. बाळंतपणात गेलेली बाई ती.” आणि उठून दिवा मालवायची.