काखेतले चौंडके आणि ताणाचे वर्गमूळ

वाद्य म्हटले की ते लाकडाचे, पितळेचे किंवा कातड्याचे असायचे, असा आपला समज असतो. व्हिएन्ना शहरातील एका वाद्यवृंदाने तो मोडीत काढला. १९९८ साली सुरू झालेल्या या वृंदाचे वादक गाजराची बासरी, भोपळ्याचा ढोल अशी वाद्ये ताज्या भाजीपासून तयार करतात. कार्यक्रमानंतर श्रोत्यांना भाजीचे सूपही मिळते! रशियातील लेव तेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास एक विजेचे वाद्य बनविले. त्याला हात लावायचाच नसतो. हात नुसता जवळ-दूर केला की सूर वर-खाली होतो.

असले प्रकार आपण मोबाईलवर डोळे विस्फारून पाहतो. पण माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात नवरात्रात आराधी मंडळी येतात, तेव्हा त्यांच्या काखेत जे वाद्य असते, ते यांपैकी कशाहून कमी विलक्षण आहे? त्याचे नाव चौंडके. ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्याचा बोलल्यासारखा, हेलकावे घेणारा ‘टुंव टुंव’ आवाज आठवेल. काहींना हसूही येईल. हसा खुशाल, पण त्या आवाजात पदार्थविज्ञानाचा निदान एक धडा भरलेला आहे.

चौंडक्याची रचना अगदी साधी आहे. एक पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले कातडे, आणि कातड्याच्या मध्यातून ओवून दुसऱ्या तोंडातून बाहेर काढलेली तात. नळकांडे काखेत दाबायचे, तातेचे मोकळे टोक डाव्या हाताने ओढून धरायचे आणि उजव्या हाताने तात छेडायची. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनवर बोटाने तारेची लांबी कमी करतात. येथे लांबी जवळजवळ तेवढीच राहते. बदलतो तो फक्त ताण. बंगालमधील बाऊलांचे खमक आणि मेवातमधील भपंग ही याचीच भावंडे.

आता पुस्तकातील नियम आठवा : लांबी आणि जाडी तीच असेल, तर तारेच्या कंपनांची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे सूर दुप्पट उंच हवा असेल, तर ताण चौपट करावा लागतो. परीक्षेत हे वाक्य लिहून गुण मिळतात, पण ते कानाने ऐकले असे विद्यार्थी मला फार थोडे भेटतात. म्हणून हा प्रयोग कराच.

दुधाच्या भुकटीचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. बुडाच्या मध्यभागी बारीक भोक पाडा. तंबोऱ्याची पातळ पोलादी तार त्यातून ओवा आणि बाहेरच्या बाजूला तिला एक जाड वॉशर बांधा, म्हणजे ती निसटणार नाही. दोन बाके शेजारी ठेवून मध्ये चार बोटे फट सोडा. डबा तोंड खाली करून फटीवर ठेवा. तार फटीतून खाली लोंबेल. बुडापासून साधारण ५० सेंटिमीटरवर तिला वाळूची पिशवी अडकवा. पिशवीखाली पाय ठेवू नका!

पिशवीसह वजन आधी ८०० ग्रॅम ठेवा. तार छेडा आणि भजनी मंडळाच्या पेटीवर तो सूर शोधा. त्याला ‘सा’ म्हणू. मग वजन १८०० ग्रॅम करा आणि शेवटी ३२०० ग्रॅम. काय ऐकू येते? पंचम आणि वरचा षड्ज! ही वजने मी मुद्दाम निवडली आहेत. त्यांचे प्रमाण ४ : ९ : १६, म्हणून वर्गमुळांचे २ : ३ : ४, आणि सा, प, वरचा सा यांच्या वारंवारतांचे प्रमाणही हेच आहे. किराणा दुकानाच्या तराजूने सूर मोजता येतो तो असा.

यावरून वादकाच्या हाताची किंमत कळते. पेटीवरील शेजारच्या दोन पट्ट्यांच्या वारंवारतेत सुमारे ६ टक्के फरक असतो, म्हणजे ताणात सुमारे १२ टक्के. समजा, आराधी दोन किलोच्या ओढीने सूर धरीत आहे. हात पाव किलोने चुकला, की सूर एक पट्टीभर सरकला. चालता चालता, गाता गाता तो हा हिशेब हाताने सांभाळतो. लाऊडस्पीकरच्या भिंतीपुढे हे कौशल्य कोणाला ऐकू येणार, हा प्रश्न आहेच.

आणखी एक गंमत याहून सूक्ष्म आहे. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका पाहा. झोका एकदा जाऊन परत येईपर्यंत फांदी दोनदा वाकते, कारण झोका तळातून दोनदा जातो. तातेचेही तसेच. ती उजवीकडे गेली की किंचित ताणली जाते, मधे सैल होते, डावीकडे गेली की पुन्हा ताणली जाते. म्हणजे तातेच्या एका कंपनात कातड्याला दोन ओढी बसतात, आणि तातेच्या मूळ सुराच्या वरचा, दुप्पट वारंवारतेचा सूर त्यातून उमटतो. शाहिराच्या तुणतुण्यातही तार कातड्याला अशीच बांधलेली असते. सी. व्ही. रामन यांनी १९०९ साली, सरकारी अर्थखात्यात नोकरी करीत असताना, एकताऱ्यावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. नोबेल पारितोषिक त्यानंतर २१ वर्षांनी मिळाले.

ही जादा ओढ कंपनाच्या विस्ताराच्या वर्गाप्रमाणे बदलते. विस्तार निम्मा झाला, की ओढ एक चतुर्थांश. तेव्हा डब्याची तार एकदा जोरात छेडा, एकदा अगदी हळू, आणि दोन्ही वेळा वरचा सूर कान देऊन शोधा. नंतर पत्र्याचे बूड कापून तेथे जुन्या फुग्याचे रबर ताणून बसवा आणि हलक्या वजनांनी पुन्हा पाहा. पत्र्यापेक्षा रबर ओढीबरोबर जास्त वर-खाली होते, आणि चौंडक्याचे कातडेही तसेच वागते. नवरात्रात आराधी दारी आले, तर त्यांच्या परवानगीने कातड्यावर बोटाचे टोक हलकेच टेकवून ते तपासता येईल.