अपयशाचे स्पष्टीकरण द्यावे की न द्यावे? अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशेच्छूंसमोरील प्रश्न

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांसमोर दरवर्षी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. पदवीच्या काळात एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, एखादा विषय राहिला असेल किंवा शिक्षण मध्येच थांबवावे लागले असेल, तर अर्जात त्याची कारणे सांगावीत की मौन पाळावे? कारण न सांगितल्यास काहीतरी झाकल्यासारखे दिसते. सांगितल्यास, ज्या उणिवेकडे कदाचित कोणाचे लक्षही गेले नसते, तिच्याकडे स्वतःच बोट दाखवल्यासारखे होते.

भारतातील वाचकांना हा पेच काहीसा अपरिचित वाटेल. येथे एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणवत्ता यादीनुसार होतो, आणि २०२० पासून ‘एम्स’ व ‘जिपमर’ या संस्थाही याच परीक्षेच्या कक्षेत आल्या आहेत. विद्यार्थ्याने तापात परीक्षा दिली की घरात दुःखद प्रसंग घडला, हे सांगण्यासाठी अर्जात जागा नसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना मात्र तेथील निराळ्या पद्धतीला सामोरे जावे लागते, आणि येथील परीक्षांच्या अनुभवातून घडलेल्या पालकांना त्याबाबत सल्ला देणे कठीण जाते.

अर्ज कसा वाचला जातो?

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी सर्वसाधारणपणे चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि ‘एमकॅट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एम. डी. पदवी देणारी बहुतेक महाविद्यालये ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस’ या संस्थेच्या ‘अ‍ॅमकास’ या सामाईक सेवेमार्फत अर्ज स्वीकारतात. टेक्सासमधील सार्वजनिक महाविद्यालये आणि ऑस्टिओपॅथी महाविद्यालये यांच्यासाठी स्वतंत्र सेवा आहेत.

स्पर्धा तीव्र आहे. संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ या वर्षात सुमारे ५२ हजार ५०० जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जणांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्यांच्या पदवीतील गुणांची सरासरी ४ पैकी ३.७७ इतकी होती. तथापि निवड केवळ आकड्यांवर होत नाही. निबंध, रुग्णसेवेचा अनुभव, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांचा एकत्रित विचार केला जातो. त्यामुळेच घसरलेल्या गुणांमागील कारणालाही या पद्धतीत स्थान मिळते.

जे सांगावेच लागते

काही बाबतींत निर्णय विद्यार्थ्याच्या हाती नसतो. ‘अ‍ॅमकास’च्या अर्जात महाविद्यालयीन स्तरावर घेतलेला प्रत्येक अभ्यासक्रम नोंदवावा लागतो. त्यात अनुत्तीर्ण झालेले, मध्येच सोडलेले आणि पुन्हा घेतलेले विषयही येतात. ही माहिती मूळ गुणपत्रकांशी ताडून पाहिली जाते. एखादा विषय पुन्हा घेऊन उत्तम श्रेणी मिळवली, तरी सरासरी काढताना पहिली श्रेणीही धरली जाते. ऑस्टिओपॅथी महाविद्यालयांच्या सेवेत पूर्वी केवळ नंतरची श्रेणी धरली जात असे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. टेक्सासमध्ये मात्र तेथील रहिवाशांना दहा किंवा अधिक वर्षांपूर्वीचे शिक्षण विचारात घेऊ नये, अशी विनंती करता येते. तसे केल्यास त्या काळातील चांगले गुणही सोडून द्यावे लागतात.

दुसरी अनिवार्य बाब म्हणजे संस्थेने केलेली कारवाई. असमाधानकारक शैक्षणिक कामगिरी किंवा गैरवर्तन यांमुळे महाविद्यालयाने विद्यार्थ्यावर कारवाई केली होती का, असा थेट प्रश्न अर्जात विचारलेला असतो. कमी गुणांमुळे दिलेली अधिकृत ताकीद व देखरेखीचा काळ, म्हणजेच ‘अकॅडेमिक प्रोबेशन’, तसेच निलंबन यांचा त्यात समावेश होतो. शिक्षणात खंड पडला नसला किंवा गुणपत्रकात नोंद नसली, तरी उत्तर द्यावे लागते. स्पष्टीकरणासाठी १,३२५ अक्षरांची मर्यादा आहे. येथे मौन पाळणे म्हणजे चुकीची माहिती देणे होय. ते उघडकीस आल्यास होणारे नुकसान मूळ ताकिदीपेक्षा कितीतरी मोठे ठरू शकते.

जे ऐच्छिक आहे

खरा पेच उरतो तो या दोन्हींपलीकडे. गुणपत्रक समितीसमोर आहेच. प्रश्न इतकाच की त्याच्या जोडीला शब्द द्यावेत का? यासाठी एक कसोटी उपयोगी पडते. केवळ गुणपत्रक पाहून वाचणाऱ्याचा चुकीचा समज होईल का, आणि दोन-तीन वाक्यांनी तो दूर होईल का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर स्पष्टीकरण द्यावे.

समजा, एका विद्यार्थिनीला पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात ‘सी’ श्रेणी मिळाली आणि पुढे सेंद्रिय रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्रात तिने ‘ए’ मिळवले. तिची प्रगती गुणपत्रकच सांगते. वेगळ्या खुलाशाने त्यात भर पडत नाही.

दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण अडीच वर्षे उत्तम होते. तिसऱ्या वर्षाच्या एका सत्रात मात्र सर्वच विषयांत ते कोसळले आणि दोन विषय सोडून द्यावे लागले. त्या काळात वडिलांच्या गंभीर आजारपणामुळे तो आठवड्यातून तीन दिवस घरी जात होता. ही बाब गुणपत्रकात दिसत नाही. येथे मौन पाळल्यास ती पोकळी वाचणारा आपल्या तर्काने भरून काढील.

तिसरे उदाहरण सर्वांत कठीण आहे. सलग तीन वर्षे गुण बेताचेच राहिले असतील, तर कितीही प्रामाणिक कारण पुरेसे ठरत नाही. तेथे शब्दांपेक्षा पुरावा हवा असतो. पदवीनंतर विज्ञानाचे प्रगत विषय घेऊन चांगले गुण मिळवणे आणि गरज पडल्यास अर्ज एक वर्ष पुढे ढकलणे, हाच अशा वेळी अधिक विश्वासार्ह खुलासा ठरतो.

कोठे आणि किती?

मुख्य निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा असून, वैद्यकीय व्यवसाय का निवडला हे सांगण्यासाठी तो असतो. त्यातील मोठा भाग गुणांच्या समर्थनात खर्ची पडल्यास मूळ उद्देश बाजूला राहतो. आर्थिक, कौटुंबिक किंवा सामाजिक अडचणींविषयी लिहिण्यासाठी २०२४ च्या प्रवेशचक्रापासून १,३२५ अक्षरांचा एक स्वतंत्र ऐच्छिक निबंध ठेवण्यात आला आहे. पुढील टप्प्यात महाविद्यालये स्वतःचे दुय्यम अर्ज पाठवतात, आणि त्यांपैकी अनेकांत शैक्षणिक नोंदींविषयी किंवा अन्य काही सांगायचे असल्यास जागा असते. विद्यार्थ्याला जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकाने शिफारसपत्रात एखादे वाक्य लिहिले, तर त्याचेही वजन पडते.

स्पष्टीकरण संक्षिप्त असावे. काय घडले, किती काळ चालले, त्यात स्वतःची जबाबदारी कोणती आणि त्यानंतर काय बदलले, एवढे चार मुद्दे पुरेत. प्राध्यापक कडक होते किंवा प्रश्नपत्रिका अन्यायकारक होती, असा सूर लावल्यास उलट परिणाम होतो. याउलट, ‘मदत मागण्यास उशीर केला, पुढील सत्रापासून दर आठवड्याला प्राध्यापकांना भेटू लागलो’ असे साधे विधान, पुढील गुणांची साथ असल्यास, विश्वास निर्माण करते.

खासगीपणाचा प्रश्न

गुण घसरण्यामागे आजार, विशेषतः मानसिक आजार असेल, तर निर्णय अधिक अवघड होतो. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ नुसार, संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना प्रवेशापूर्वी अर्जदाराच्या अपंगत्वाविषयी चौकशी करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यामुळे निदान सांगण्याची सक्ती नसते. ‘प्रकृतीच्या कारणामुळे त्या सत्रात अभ्यासावर परिणाम झाला, उपचारानंतर अभ्यासक्रम पूर्ण केला’ इतकेही सांगता येते. अर्जात लिहिलेला विषय मुलाखतीत निघू शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. ज्याविषयी अनोळखी व्यक्तीसमोर शांतपणे बोलता येणार नाही, ते लिहिण्याची घाई न करणेच श्रेयस्कर. कुटुंबातील अन्य व्यक्तीचा आजार सांगताना त्या व्यक्तीची संमती घेणेही उचित ठरते.

अर्ज सादर करण्यास साधारणतः मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीस प्रारंभ होतो आणि अनेक महाविद्यालये अर्ज येतील तसे विचारात घेत असल्याने उशीर महाग पडतो. म्हणूनच स्पष्टीकरणाचा निर्णय अखेरच्या रात्री न घेता काही आठवडे आधी घ्यावा. मजकूर लिहून तो बाजूला ठेवावा आणि विद्यार्थ्याची पूर्वकल्पना नसलेल्या एखाद्या जाणकाराला वाचण्यास द्यावा. वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात केवळ ते वाईट सत्र राहिले, तर मजकूर कमी करावा किंवा गाळावा. त्यानंतर झालेला बदल लक्षात राहिला, तर तो ठेवण्यास हरकत नाही.