समान काम, समान वेतन : आपल्या दवाखान्यापुरते

मागील महिन्यात वेतनपत्रक तपासताना एक गोष्ट डोळ्यांत खुपली. माझ्या बालरुग्णालयात वॉर्डबॉयला आयाबाईंपेक्षा दरमहा आठशे रुपये अधिक मिळत होते. सलाईन लावताना बाळाला धरणे, चादरी बदलणे, रात्रपाळी, ही कामे दोघांची सारखीच. हा फरक कधी व का ठरला, हे मलाच आठवेना. संत्र्यांच्या बगिच्यात गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे आपण सौंसरकर लहानपणापासून पाहत आलो. तीच रीत मी दवाखान्यात आणली असावी.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे केंद्र व राज्य या दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. खासगी रुग्णालयांसाठी किमान वेतनाचे दर राज्य शासन ठरविते. म्हणून सौंसरच्या आयाबाईंना मध्यप्रदेशाचा दर, तर सीमेपलीकडे सावनेरच्या आयाबाईंना महाराष्ट्राचा. हा भेद कायद्याला मान्य आहे. स्त्री-पुरुष समान वेतनाचा केंद्रीय नियम मात्र साऱ्या देशात एकच. १९७६ चा समान मोबदला अधिनियम आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. एकाच मालकाच्या आस्थापनेत समान अथवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून वेतनात भेद करता येत नाही. दोघांनाही राज्याचे किमान वेतन दिले की मालकाची जबाबदारी संपली, ही माझी समजूत चुकीची होती.

वॉर्डबॉय ऑक्सिजनचे सिलिंडर हलवितो, असे समर्थन मी स्वतःशी करून पाहिले. परंतु व्यवहारात महत्त्व नसलेला किरकोळ फरक कायदा मोजत नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतील स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कामाकडे अशाच व्यापक दृष्टीने पाहिले, आणि कंपनीच्या आर्थिक अडचणीची सबबही स्वीकारली नाही. शिवाय बरोबरी साधण्यासाठी कोणाचेही वेतन कमी करता येत नाही, वाढवावेच लागते.

या महिन्यापासून आयाबाईंचे वेतन वाढविले. पाकीट उघडून त्या परत आल्या. "डॉक्टरसाहेब, चुकून जास्त तर नाही ना आले?" मागील अकरा वर्षांच्या फरकाचा हिशेब अद्याप माझ्या टेबलावरच आहे.