'रेजिंग बुल': रिंगबाहेरचा अभिनय

मार्टिन स्कॉर्सेसी दिग्दर्शित 'रेजिंग बुल' (१९८०) या कृष्णधवल चित्रपटात रॉबर्ट डी नीरो यांनी मुष्टियोद्धा जेक लामोटाची भूमिका केली. ब्रॉन्क्समध्ये वाढलेला लामोटा १९४९ मध्ये मार्सेल सेर्दांला हरवून मिडलवेट गटाचा जगज्जेता झाला. १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत शुगर रे रॉबिन्सनने तेराव्या फेरीत त्याच्याकडून ते पद हिरावून घेतले. लामोटाचे आत्मचरित्र स्कॉर्सेसींच्या हाती दिले ते डी नीरो यांनीच.

मुष्टियुद्धाचे धडे त्यांनी खुद्द लामोटाकडून घेतले. निवृत्तीनंतरचा सुटलेला लामोटा उभा करण्यासाठी चित्रीकरण काही महिने थांबले आणि डी नीरो यांनी सुमारे २७ किलो वजन वाढवले. आजवर चर्चा झाली ती बहुतेक या वजनाचीच. त्या वजनाने आवाजात काय आणले, हे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. उत्तरार्धातल्या लामोटाला बोलताना धाप लागते. फ्लोरिडातल्या तुरुंगकोठडीत तो भिंतीवर डोके आणि मुठी आपटतो, तेव्हा ती धाप आणि हुंदका वेगळे ओळखू येत नाहीत.

अभिनयाचा खरा कस लागतो तो घरातल्या एका प्रसंगात. जेक टीव्हीचे चित्र नीट लावण्याच्या खटपटीत आहे, धाकटा भाऊ जोई जवळच आहे. जेकची बायको विकी बाहेरून येते, दिराच्या ओठांवर सहज ओठ टेकवते आणि वर निघून जाते. जेकची उलटतपासणी तिथून सुरू होते. आवाज न चढवता, हातातले काम चालू ठेवत तो अखेर विचारतो, की तुझे माझ्या बायकोशी संबंध आहेत का. डी नीरो हा प्रश्न हवापाण्याच्या गप्पांइतक्या सहजपणे टाकतात आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. जोईच्या भूमिकेतले जो पेशी तितकेच तोलामोलाचे. आधी गोंधळ, मग अपमान आणि शेवटी असल्या प्रश्नाला उत्तरच देणार नाही हा हट्ट: तिन्ही पायऱ्या त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतात.

विकी साकारणाऱ्या कॅथी मोरियार्टी यांचा हा पहिलाच चित्रपट. घोगरा, संथ आवाज आणि जवळजवळ न बदलणारी मुद्रा हेच त्यांचे भांडवल. विकीच्या या थंडपणात जेकला लपवाछपवी दिसते, प्रेक्षकाला थकवा.

शेवटी आरशासमोर बसलेला जेक 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) मधले मार्लन ब्रँडो यांचे गाजलेले स्वगत म्हणतो. मूळ चित्रपटात ते बोलणे भावाशीच आहे, त्याच्यामुळे हातची गेलेली कारकीर्द हाच त्याचा विषय. ब्रँडोंची नक्कल करण्याचा मोह डी नीरो यांनी पूर्ण टाळला आहे. ते शब्द ते पाठांतरासारखे, सपाट म्हणतात. स्वतःचा भाऊ स्वतःच्या हाताने तोडलेल्या या माणसाला आपण काय बोलतो आहोत हे कितपत उमगले आहे, याचा निर्णय प्रेक्षकावर सोडला जातो. संपूर्ण भूमिकेतला हा सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल.

१९८१ च्या ऑस्कर सोहळ्यात डी नीरो सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. पेशी आणि मोरियार्टी यांना सहायक भूमिकांसाठी नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र दोघांनाही मिळाला नाही.