आजीचा पट

खडूने किंवा कोळशाने पाच उभी, पाच आडवी घरे आखली की पट तयार होतो. एकूण घरे 25. चारही कडांचे मधले घर आणि पटाचे अगदी मधले घर, अशा पाच घरांवर फुली. अष्टाचंगा, चंफुल अशी या खेळाची नावे गावोगाव बदलतात. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या घरी तो नुसता 'पट'.

फासे म्हणून दोन चिंचोके उभे फोडून त्यांच्या चार फाका घ्यायच्या. आतली बाजू सपाट आणि पांढरी, बाहेरची फुगीर आणि तपकिरी. जितक्या फाका पांढऱ्या पडतील तितके दान. चारही पांढऱ्या तर चार, चारही तपकिरी तर एकदम आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचे. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले, तर फाका पडण्याचे 16 प्रकार होतात. त्यांत दोनाचे दान सहा प्रकारांनी येते, आठाचे फक्त एका. आजीला हे गणित कोणी शिकवलेले नाही, पण ती आठाच्या भरवशावर कधीच राहत नाही.

प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आमच्याकडे बांगडीचे तुकडे किंवा मोहाच्या टोळी असतात. सोंगटी बाहेरच्या 16 घरांतून उजवीकडून डावीकडे फिरते, मग आतल्या आठ घरांतून उलटी वळते आणि 24 पावलांनी मध्ये पोहोचते. फुलीवर तिला कोणी मारू शकत नाही. मात्र दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. याला तोड म्हणतात.

इथवरचा खेळ पुष्कळांना ठाऊक असेल. याचाच थोरला भाऊ पचिसी. फत्तेपूर सिक्रीला अकबराचे पचिसीचे अंगण दाखवतात आणि तिथे सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करीत, असे सांगतात. इंग्लंडात 1896 साली लुडोचे पेटंट घेतले गेले, तो या पचिसीचाच अवतार. मला सांगायचे आहे ते मात्र वेगळेच. आमची आजी सोंगट्यांना माणसे करते.

रोवणी आटोपली, श्रावणाची झड लागली की ओसरीवर पट मांडला जातो. आजी आधी गोष्ट लावून देते: दुष्काळाचे वर्ष आहे, मधले घर म्हणजे तलाव, आणि चौघांनाही आपापले बिऱ्हाड घेऊन तिथे पोहोचायचे आहे. एक मालगुजार, एक ढिवर, एक गुराखी, एक रोवणीची बाई. ज्याला जे सोंग मिळेल त्याने डाव संपेपर्यंत तसेच बोलायचे. सोंगटी मेली की काय घडले ते सांगावे लागते. "माजा डोंगा बुडाला, आता पोहत येतो," असे ढिवराने म्हटल्याशिवाय आजी पुढचे दान टाकू देत नाही.

अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि एकाने गोष्ट चालवून निवाडाही द्यायचा. त्याविषयी वाचले तेव्हा मला हसू आले. असा निवाडा देणारी बाई आमच्या ओसरीवर कधीची बसली आहे! फरक इतकाच की त्यांचे नियम छापील आहेत आणि आमचे आजीच्या डोक्यात.

म्हणून भांडणेही फार. बालाघाटकडे दिलेली आत्या माहेरी येते ती तोडीशिवाय आत शिरायचा नियम घेऊन. आजीचे उत्तर ठरलेले: "ज्याची ओसरी, त्याचा कायदा." एकदा मालगुजार झालेला चुलतभाऊ म्हणाला, तलाव माझाच, मला तोड कशाला? आजी म्हणाली, "तुझी मालगुजारी गेली. आता तू माजी." मालगुजारी 1951 साली संपली आणि ते तलाव माजी मालगुजारी, म्हणजेच आपले 'मामा तलाव', झाले, हे त्या पोराला तेव्हा कळले. मोबाईलवरच्या लुडोत दान अचूक मोजले जाते, पण तुझी सोंगटी का मेली, असे कोणी विचारीत नाही.

कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. माझ्या पुस्तकांविषयी आजीशी फारसे बोलणे होत नाही. पटावर मात्र आम्ही तासन्‌तास बोलतो. आता तिला नीट दिसत नाही. पडलेल्या फाकांवरून बोटे फिरवून, सपाट की फुगीर ते चाचपून ती दान सांगते. यंदाच्या श्रावणात तिने निवाड्याचे काम माझ्याकडे दिले आणि स्वतः रोवणीची बाई होऊन खेळायला बसली.

पहिल्याच दिवशी सात वर्षांच्या भाचीने पेच टाकला. ती ढिवर होती. "माझ्याकडे डोंगा आहे, मग मी आतली आठ घरे फिरून कशाला जाऊ? सरळ तलावात का नाही?" असा नियम कुठेच नव्हता. मी आजीकडे पाहिले. ती फाका चाचपीत बसली होती. शेवटी मी सांगितले की तोड झालेली असेल आणि आठाचे दान पडले, तर एका डावात एकदा डोंगा सोडता येईल. मालगुजाराला हे अजून मान्य नाही.