चूल, शेगडी आणि बाळाचा श्वास

बेळगावहून गोव्याकडे वा कोल्हापूरकडे निघावे, तर 'चुलीवरचे मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या हल्ली जागोजाग दिसतात. ती भाकरी मीही आवडीने खातो. धाब्यावरची चूल मात्र चारी बाजूंनी उघड्या छपराखाली पेटते. माझे लहानगे रुग्ण ज्या घरांतून येतात, तिथे ती खिडकी नसलेल्या, कौलारू स्वयंपाकघरात असते. पाटीवर मिरवणारी चूल आणि ही चूल यांत माणसाच्या छातीच्या दृष्टीने फार अंतर आहे.

खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबीकडच्या भागात आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो की, जळण कितीही झाकून ठेवले तरी सादळतेच. ओले लाकूड पेटवले म्हणजे उष्णतेचा मोठा भाग त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतो, ज्योत थंडावते आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसत राहते. अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड आणि अडीच मायक्रॉनहून बारीक असे असंख्य कण बाहेर पडतात. मोठे कण नाकाघशातच अडतात. हे बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. मोठा माणूस विश्रांतीत मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, तान्हे बाळ तीस-चाळीस. वजनाच्या मानाने पाहिले, तर आईच्या कडेवर चुलीपाशी बसलेले मूल आईपेक्षा जास्त धूर ओढत असते.

पावसाळ्यात धाप लागलेले मूल आले की मी विचारतो, "स्वयंपाक कशावर करता?" उत्तर ठरलेले असते, "गॅस आहे की हो, डॉक्टर!" ते खोटे नसते. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि त्यानंतर गॅसची जोडणी खेडोपाडी गेली. खरी माहिती मिळते ती दुसऱ्या प्रश्नाला. "आंघोळीचे पाणी कशावर तापवता? भाकरी कशावर भाजता?" मग आजी हसून सांगतात, "ते चुलीवरच. सिलिंडर चहाला आणि पाव्हण्याला." भरलेल्या सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात, जळण मात्र रानातून फुकट येते. त्या घराचा हिशेब चुकीचा आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सुमारे ४३ टक्के घरेच स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती. त्या ४३ टक्क्यांतही मागच्या दाराची चूल किती घरांत पेटती आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही.

हा विषय वैद्यकाला नवा नाही. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली फुप्फुसविकारजन्य हृदयरोगावर निबंध प्रसिद्ध केला. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या स्त्रियांनाही हा विकार होतो, हे पाहून त्यांनी घरातील धुराकडे बोट दाखवले होते. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, तो २००२ पर्यंत चालला. आपल्या कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' या गटाने तीन भांड्यांची धुराडेवाली 'अस्त्र ओले' तयार केली. (ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल.) अशा चुली बांधल्या गेल्या खऱ्या, पण धुराड्यात काजळी साचली की ती काढायची कोणी, हे कोणी ठरवलेले नसे. धूर पुन्हा घरात येऊ लागला की घरधनीण ती चूल मोडून आपली जुनी मांडत असे.

आपल्या व्यवसायबंधूंसाठी थोडे अधिक सांगतो, कारण इथे पुरावा वाटतो तितका सरळ नाही. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातील सुमारे पाचशे घरांत धुराड्याच्या चुली देऊन अभ्यास केला. तो २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला. तरी एकूण न्यूमोनियात संख्याशास्त्राला पटेल अशी घट दिसली नाही. ऑक्सिजन खालावलेला गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. त्यानंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे थेट गॅसच मोफत देऊन मोठा प्रयोग झाला. त्याचे २०२२ व २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष निराश करणारे होते. बाळाच्या जन्मवजनात फरक नाही, गंभीर न्यूमोनियातही नाही. गरोदर स्त्रियांच्या श्वासातील बारीक कण प्रति घनमीटर सुमारे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आले होते, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा ५ आहे. शेजारच्या घराचा धूर, जाळलेला कचरा आणि रस्त्यावरची धूळ आपल्या गॅसच्या शेगडीला विचारून येत नाही. माझ्या मते यावरून चुलीला निर्दोष ठरवणे घाईचे होईल. एका घरापुरता बदल पुरत नाही, एवढेच त्यातून निघते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रयोगाची वाट न पाहता सांगावी लागते, आणि ती आहे बाळंतिणीच्या खोलीची. दारे-खिडक्या बंद, भेगांत कापड कोंबलेले, खाटेखाली कोळशाची शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी. यामागची माया मला कळते. गारठ्याने नवजात बाळे दगावत, हा आपल्या पणज्यांचा खरा अनुभव होता. पण लालबुंद निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनशी त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक आहे. तरुण सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की अशा खोलीतून आलेल्या सुस्त बाळाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवील. त्याला कार्बन मोनॉक्साइड घेतलेले रक्त आणि ऑक्सिजन घेतलेले रक्त यांतला फरक कळत नाही. तिथे आधी शेगडीची चौकशी करावी, बाळाला भरपूर ऑक्सिजन द्यावा आणि आईला डोके दुखते का, मळमळते का, हेही विचारावे.

आजींशी वाद घालून काही साधत नाही. मी त्यांना सांगतो, बाळाला ऊब हवीच, ती आईच्या छातीशी द्या. उघड्या अंगाला उघडे अंग, वरून गोधडी, डोक्याला टोपडे. बाळ कमी वजनाचे असेल तर हाच उपचार आम्ही रुग्णालयातही करतो. शेक घ्यायचाच असेल तर तो पडवीत, बाळ खोलीत असताना. चूल बंद होणार नसेल, तर आंघोळीच्या पाण्याची चूल तरी परसात छपराखाली न्यावी. बहुतेक घरांना एवढे जमते आणि एका दिवसात होते. भांड्यावर झाकण, ज्येष्ठातच माळ्यावर चढवलेले सुके जळण आणि चुलीच्या बरोबर वर दोन कौले उचलून ठेवलेला धूर जायचा रस्ता, यांना खर्च जवळजवळ नाही. पाऊस आत येईल, अशी तक्रार हमखास येते. त्यावर कणकुंबीकडच्या एका सुताराने उचललेल्या कौलांवर पत्र्याची छोटी टोपी बसवून दिली आहे. तेव्हापासून तिकडून आलेल्या पालकांना मी आधी त्या सुताराचेच घर दाखवतो.