लेकरांच्या पावलांनी गड

लहान मुलांना घेऊन गडावर जायचं म्हटलं, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'एवढ्याशा पोरांना कशाला दमवायचं?' दुसरा म्हणतो, 'चालतील की, मुलंच ती!' मी नेहमी दुसऱ्या पक्षातला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लोहगडानं माझं हे मत थोडं दुरुस्त करून दिलं. त्याचीच ही हकिगत.

आम्ही सोलापूरहून मुंबईला लेकीच्या घरी निघालो होतो. लेक, जावई, सात वर्षांचा नातू आणि साडेचार वर्षांची नात न्यायला आली होती. वाटेत लोणावळ्याला मुक्काम करावा आणि एक दिवस मुलांना डोंगर दाखवावा, ही कल्पना माझी. कॉलेजात असताना मी मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरून मित्रांबरोबर लोहगड चढलो होतो. गडाच्या पश्चिमेला एक लांबलचक, चिंचोळी माची पुढं गेलेली आहे. तिला विंचूकाटा म्हणतात. वरून पाहिलं, की खरोखर विंचवानं नांगी पसरल्यासारखी दिसते. आदल्या रात्री मी नातीला कबूल करून बसलो, "उद्या तुला डोंगराएवढा विंचू दाखवतो."

लेक म्हणाली, "अब्बा, पहाटे निघू आणि आधी गड करू. लेणी नंतर पाहता येतील." मी म्हणालो, "भाजे वाटेवरच आहे. आधी लेणी, मग गड." वडीलकीचा मान राखून ती गप्प बसली. पहिली चूक इथंच झाली.

भाज्याची लेणी पाहण्यासारखी आहेत, यात शंका नाही. दोन हजार वर्षांहून जुनी अशी ही बावीस लेणी. चैत्यगृहाच्या छताला त्या काळातल्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे. नात ते स्तूप बोटांनी मोजत होती आणि दर वेळी सातापाशी चुकत होती. अशा मोजणीला घाई करता येत नाही. आम्ही लोहगडवाडीत गाडी लावली, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

इथं मुलांच्या चालण्याविषयी सांगायला हवं. मोठा माणूस एका लयीत चालतो. मूल तसं चालत नाही. ते धावतं, थांबतं, खडा उचलतं, मुंग्यांची रांग पाहत बसतं आणि पुन्हा धावतं. म्हणून जिथं आपल्याला एक तास लागतो, तिथं मुलांबरोबर दोन तास धरावेत. दमल्याचंही मुलं वेळेवर सांगत नाहीत. खेळता खेळता एकदम खाली बसतात आणि रडू लागतात. तहानेचंही तसंच. त्यांनी मागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी द्यावं. जुलाब किंवा उलट्या झाल्या, तर घरगुती जलसंजीवनी कशी करायची ते पाठ असावं : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. माप बिघडू देऊ नये, विशेषतः मिठाचं.

लोहगडाची वाट पायऱ्यांची आहे. त्यामुळं मुलांना सोपी वाटते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाजा म्हणजे मुलांना एक मुक्काम मिळतो. 'माथ्यावर जायचंय' म्हटलं तर पोरं कंटाळतात. 'पुढच्या दरवाज्यापर्यंत' म्हटलं की पळत सुटतात. आमची चालायची रीत ठरलेली होती. जावई पुढं, लेक मागं, मुलं मध्ये. उतरताना मोठ्या माणसानं मुलाच्या खालच्या पायरीवर राहायचं, म्हणजे पाय घसरला तरी ते आपल्या अंगावर येतं. चुकामूक झाली तर शोधत हिंडायचं नाही, आहे तिथंच उभं राहून शिट्टी वाजवायची, हेही दोघांना शिकवलं होतं. नातवानं त्या शिट्टीनं आमचे कान किटवले, ती गोष्ट वेगळी.

गणेश दरवाज्याच्या पुढं लेक मुलांना इतिहास सांगू लागली. हा गड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत हाही आहे. नारायण दरवाज्यापाशी ती म्हणाली, "हा नानांनी बांधला." तिला नाना फडणवीस म्हणायचं होतं. आमच्या घरात आईच्या वडिलांना नाना म्हणतात. नात माझ्याकडं डोळे विस्फारून बघत राहिली. "नाना, एकट्यानं?" तिचा तो आदर घालवायचं माझ्या जिवावर आलं.

पुढं एका माकडानं चिक्कीचं पुडकं पळवलं. गडावर खाण्याची पिशवी हातात धरून चालू नये, पाठीवरच्या सॅकमध्ये बंद ठेवावी, हे आम्हांला तेव्हा कळलं.

महादरवाज्यातून आम्ही वर आलो, तेव्हा पावणेदोन वाजले होते. एकीकडं विसापूर, दुसरीकडं पवनेचं पाणी, पलीकडं तुंग आणि तिकोना. पण तिकोन्याच्या मागं आभाळात पांढऱ्या ढगाचा एक मनोरा चढत होता. खालची बाजू काळवंडलेली. ऑक्टोबरात हे असंच होतं. पाऊस सरत आलेला असतो, पण हवेत ओल असते. सकाळभर जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर त्याचे ढग होऊन गडगडाट सुरू होतो. म्हणून या दिवसांत डोंगरमाथा सकाळी गाठावा आणि दुपारपूर्वी सोडावा.

लेक म्हणाली, "अब्बा, इथूनच फिरू."

विंचूकाटा समोर होता. मी म्हणालो, "पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. पोरीला कबूल केलंय मी." खरं सांगायचं तर पोरीपेक्षा मलाच जायचं होतं. विशीतला मी तिथं कुठं तरी भेटेल, असं मनात होतं. कविता लिहिणाऱ्या माणसाला असली हौस फार.

"पंधरा मिनिटं तुमची," लेक म्हणाली. "हिची चाळीस. तेवढीच परत यायला. आणि त्या उघड्या माचीवर वीज आली, तर हिला कुठं घेऊन पळायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. नातीनं तिथंच भोकाड पसरलं. ती रडत, मी मुकाट, असे आम्ही उतरलो.

हनुमान दरवाज्याच्या खाली पहिला गडगडाट ऐकू आला. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तीननं भागावं, म्हणजे ती किती किलोमीटरवर आहे ते साधारण कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर उघड्यावर थांबू नये. झाडाखाली तर मुळीच नको. पक्कं घर किंवा पत्र्याचं छत असलेली बंद गाडी बरी. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच राहावं. नातू मोठ्यानं मोजत उतरत होता. एकदा चोवीस आले, मग अठरा. गाडीचं दार लावलं आणि टपोरे थेंब सुरू झाले. पुढच्या विजेला तो चारपर्यंतच पोचला. विंचूकाट्याच्या बाजूला लख्ख उजेड पडला. गाडीत कुणी बोललं नाही. मी हिशेब केला. आम्ही पुढं गेलो असतो, तर त्या वेळी माचीवरच असतो.

मुलांबरोबरच्या सहलीत परतीची वेळ निघतानाच ठरवावी आणि ती पाळायचा अधिकार एकाच माणसाकडं द्यावा. तो माणूस घरातला सर्वांत वडील असलाच पाहिजे, असं नाही. हे मी आता मान्य केलं आहे.

परवा नातीचा फोन आला. "नाना, विंचू अजून तिथंच आहे ना?"

म्हटलं, "आहे. तो कुठं जात नाही. पण आता पहाटे उठावं लागेल."

"मी उठेन," ती म्हणाली. "तुम्ही अम्मीचं ऐकाल ना?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)